पायडलवर पाय नव्हता

मला राग आला की आधी हात उठतो आणि मग तोंड उघडतं. शाळेत वर्गमित्राच्या डोक्यात पाटी घातली होती, पॉलिटेक्निकला असताना मेसमध्ये एकाच्या अंगावर आमटीची बादली उपडी केली होती. घरी वडील म्हणायचे, ह्याला दोन शब्द बोलायला शिकवा कुणीतरी. त्यामुळे नगरच्या एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या कारखान्यात मला नोकरी लागली तेव्हा तिथं परकं वाटलंच नाही. तिथं सगळेच हातांनी बोलायचे. मालक चिडले की जे हातात असेल ते फेकायचे. एकदा फेकलेला पाना माझ्या कानाजवळून गेला आणि मागच्या कपाटाला पोचा पडला. संध्याकाळी त्यांनीच मला चहा पाजला.

नव्वदच्या दशकाचा मध्य होता. कारखान्यात सहा पॉवर प्रेस होते. पॉवर प्रेस म्हणजे एक उंच लोखंडी मशीन. बाजूला मोठं चाक सतत फिरत असतं. पायाखालचं पायडल दाबलं की चाकाची ताकद वरच्या ठोकळ्यात येते आणि तो खालच्या साच्यावर आदळतो. मधे ठेवलेल्या पत्र्याचा हवा तो आकार होतो. पायडल एकदा दाबलं की टोला एकच पडायचा. तेवढा पुरायचा. मधे पत्रा आहे की बोट, हे मशीनला कळत नाही. आमच्या भागात कुणाशी हात मिळवला आणि पंजा जरा अरुंद लागला की माणूस प्रेसवरचा आहे हे विचारावं लागायचं नाही.

सगळ्यात मोठ्या प्रेसवर मामा होते. माझे सख्खे नव्हते, सगळे त्यांना मामाच म्हणायचे. तिसगावकडचे, पंचेचाळिशीतले, कमी बोलणारे. अठरा वर्षं प्रेसवर काढूनही त्यांची दहाच्या दहा बोटं शाबूत होती आणि हाच त्यांचा सगळा तोरा होता. नवा माणूस कामावर आला की ते दोन्ही पंजे त्याच्या तोंडासमोर धरायचे. "मोज. धा हायेत. का हायेत? साच्यात हात घालत न्हाई म्हनून." गावाकडच्या लोहाराकडून करून घेतलेला एक लांब चिमटा त्यांच्याकडे होता. पत्रा ठेवायचा तो चिमट्याने, काढायचा तो चिमट्याने. त्यांचा धाकटा भाऊ शेजारीच पत्रा कापायच्या मशीनवर होता. तो भडक डोक्याचा, थेट माझ्यासारखा.

मी तिथं इलेक्ट्रॉनिक्सचा एकटाच माणूस. मालकांच्या डोक्यात प्रेसवर इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बसवायचं खूळ शिरलं होतं. मी एक बोर्ड तयार केला. पायडल दाबलं की बोर्डवरची चिप ते ओळखणार आणि मशीनला टोल्याचा इशारा देणार. पहिल्या बोर्डात एक खोड निघाली. लाईट गेली आणि परत आली की मशीन आपोआप झटका द्यायचं. मग मी दुसरा बोर्ड केला आणि त्यात इशारा उलटा केला. पहिल्या बोर्डात चिपने एक दिला म्हणजे टोला आणि शून्य म्हणजे गप्प. दुसऱ्यात शून्य म्हणजे टोला आणि एक म्हणजे गप्प. त्याने झटका बंद झाला. माणसाचा हात वाचावा म्हणूनच तो दुसरा बोर्ड केला होता, हे आधीच सांगून ठेवतो. दोन्ही बोर्ड दिसायला जुळे भाऊ. कोपऱ्यात एक पांढरी चिठ्ठी चिकटवलेली आणि तिच्यावर आकडा, एक किंवा दोन. फरक तेवढाच दिसायचा.

प्रोग्रॅममधल्या चुका शोधायला मालकांनी पुण्याहून एक इम्युलेटर आणला होता. बोर्डवरची चिप काढायची, तिच्या जागी ह्या डब्याच्या केबलचं टोक बसवायचं आणि डबा कॉम्प्युटरला जोडायचा. मग चिपच्या पोटात काय चाललंय ते पडद्यावर दिसतं आणि एक कळ दाबून चिप वाटेल तिथं थांबवता येते. कॉम्प्युटर सुरुवातीलाच दोन प्रश्न विचारायचा. चिप कोणती? बोर्ड कोणता? चिपची माहिती त्याच्याकडे असायची. बोर्डची माहिती आपण लिहून द्यायची. चिपच्या कुठल्या पिनेला काय जोडलंय आणि प्रोग्रॅम थांबवला की कुठल्या पिनेवर काय ठेवायचं, एक की शून्य. मी दोन फाइली लिहून ठेवल्या होत्या, बोर्ड एक आणि बोर्ड दोन. माझा प्रोग्रॅम इतका शहाणा होता की आपण कुठल्या बोर्डवर बसलोय हे तो स्वतः तपासून घ्यायचा. इम्युलेटरला ती अक्कल नव्हती. त्याला माणसाने सांगावं लागायचं आणि सांगितलं की तो मुकाट्याने ऐकायचा.

आता कुंकवाचं सांगतो. खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची. मशीनना झेंडूच्या माळा, पान्यांना, पट्ट्यांना हळदकुंकू. मी बौद्ध घरातला, आमच्याकडे हे काही नव्हतं, पण कारखान्यात मी बाजूला उभा राहून पेढा खायचो. आदल्या वर्षी मामांनी ओलं कुंकू माझ्या बोर्डवर लावलं आणि मी सगळ्यांसमोर ते स्पिरिटने पुसून टाकलं. ओल्या कुंकवाने बोर्ड शॉर्ट होतो, बरोबर माझंच होतं. पण पुसताना मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. मामांचा चेहरा उतरला, त्यांचा भाऊ धावून आला, आमचं भांडण कॉलर धरण्यापर्यंत गेलं. पुढे कित्येक दिवस ती गोष्ट माझ्या जातीवर घसरत राहिली, माझ्या पाठीमागे.

म्हणून त्या वर्षी मी आधीच ठरवलं होतं, काही झालं तरी तुमच्या कुंकवाला बोट लावणार नाही. घ्या. पूजेसाठी दोन्ही बोर्ड पाटावर मांडले तेव्हा मीच मामांना म्हणालो, "लावायचंच असेल तर ह्या पांढऱ्या चिठ्ठीवर लावा. बाकी कुठं नको." मामांनी अंगठा भिजवला आणि दोन्ही चिठ्ठ्यांवर नीट दाबून लावलं. चांगलं जाड. नारळ मधे बसावा म्हणून बोर्ड इकडचे तिकडे झाले. मी तेव्हा पेढा खात होतो.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला सुरुवात केली. टोल्यांच्या मोजणीत एक चूक राहिली होती, ती शोधायची होती. पाटाच्या डाव्या बाजूला मी स्वतः बोर्ड एक ठेवला होता, म्हणून डावीकडचा उचलला आणि मामांच्या प्रेसवर बसवला. चिठ्ठीवर वाळलेलं लाल ढेकूळ. अंगठ्याने खरवडलं असतं तर आकडा दिसला असता. शप्पथ सांगतो, मनात आलं होतं. पण मागच्या वर्षीची भांडणं आठवली, डोकं तापलं आणि मी स्वतःशीच म्हणालो, मरू दे, पुसणार नाही. कॉम्प्युटरने दोन प्रश्न विचारले. मागच्या वेळचीच उत्तरं तो आपणहून पुढे करायचा. मी दोनदा एंटर मारलं. चिप तीच. बोर्ड एक.

मामा स्टुलावर बसले होते, चिमट्याने पत्रा साच्यात धरून. प्रोग्रॅम चालू होता, चाक गरगरत होतं. मला आकडे बघायचे होते म्हणून मी थांबवायची कळ दाबली. त्याच क्षणी धाडकन टोला पडला. चिमट्याचं टोक साच्यात होतं. लोखंडाचे तुकडे उडाले, एक मामांच्या कपाळाला लागला आणि उरलेला चिमटा त्यांच्या हातातून हिसकला जाऊन भिंतीवर आपटला. भिंतीतून सिमेंट खाली आलं.

मी ओरडत धावलो. "पाय का ठेवला? मी सांगितलं होतं ना, पायडलवर पाय ठेवायचा नाही!"

मामा कपाळ पुसत म्हणाले, "न्हाई वो सायेब. पाय न्हवता माजा."

"मग काय भूत आलं?"

"पाय न्हवता. आईशप्पत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांच्या कानशिलात वाजवली. उलट्या हाताने आणखी एक. "खोटं बोलतोस? तुझ्यामुळे माझा इम्युलेटर गेला असता!" त्या दिवसापर्यंत मी मामांना कधी अरेतुरे केलं नव्हतं. वीस-बावीस माणसं बघत होती. बाकीचे पाचही प्रेस थांबले. मामांचा भाऊ लोखंडी पट्टी घेऊन माझ्यावर आला आणि मामांनीच त्याला आडवा हात घातला. "थांब," ते म्हणाले. "थांब. मी दावतो ह्यांना."

मामांनी चपला काढल्या आणि स्टुलावर मांडी घालून बसले. दोन्ही पाय वर. पायडल खाली रिकामं. त्यांचा गाल लाल झाला होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मारामुळे की अपमानामुळे, मला तेव्हा पर्वा नव्हती. "आता बगा माजे पाय कुटं हायेत. समद्यांनी बगा."

साच्यात चेपलेल्या चिमट्याचा तुकडा अडकला होता. तो काढल्याशिवाय काही करता येत नव्हतं. मोटर बंद करायला हवी होती. पण चाक थांबायला वेळ लागतो, परत फिरायला वेळ लागतो, आणि मला धीर कुठला? मी परत कॉम्प्युटरपाशी गेलो, प्रोग्रॅम पुन्हा चालू केला. तिथून म्हणालो, "प्रोग्रॅम थांबवतोय. थांबला की काही होत नाही. काढा तुकडा."

अठरा वर्षांत पहिल्यांदा मामांकडे चिमटा नव्हता. त्यांनी उजवा हात साच्यात घातला.

मी कळ दाबली.

तो आवाज मी लिहू शकत नाही. पत्र्यावर टोला पडतो तेव्हा आवाज टणक येतो. हा ओला आला. मामा ओरडले नाहीत, आधी नुसते बघत राहिले, मांडी घातलेलीच. ठोकळा वर गेला तेव्हा अंगठा आणि करंगळी हाताबरोबर आली. मधली तिन्ही बोटं साच्यात राहिली. मग रक्ताची चिळकांडी उडाली, माझ्या पडद्यापर्यंत. मग ते ओरडले.

त्यांना टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. मी गेलो नाही. सगळे पांगल्यावर मी प्रेसपाशी गेलो, बोर्ड काढला आणि चिठ्ठीवरचं कुंकू अंगठ्याच्या नखाने खरवडलं. खाली आकडा होता दोन.

मग सगळं लख्ख कळलं. दोन्ही वेळा कळेवर माझं बोट होतं. मी सांगितलं होतं बोर्ड एक. इम्युलेटरने प्रोग्रॅम थांबवला आणि मी लिहून दिल्याप्रमाणे गप्प बसायचं म्हणून पिनेवर शून्य ठेवलं. त्या बोर्डवर शून्य म्हणजे टोला. मी त्यांचा हात वाचवायला कळ दाबली आणि त्याच कळेने हात गेला.

मालकांना मी त्याच दिवशी दुपारी सांगितलं. त्यांनी ऑफिसचं दार लावलं, माझी कॉलर धरली आणि मला भिंतीवर दोनदा आपटलं. "त्याचा पाय लागला," ते दात खाऊन म्हणाले. "काय झालं? पाय लागला. तपासायला सरकारी माणूस येईल, तो विचारेल, तू हेच सांगायचं. दुसरं बोललास तर तुला गाडून टाकीन आणि तूही तुरुंगात जाशील, कळलं?" माझं डोकं दुखत होतं. मी मान हलवली. दोन दिवसांनी तपासणीचा माणूस आला, त्याला मी तेच सांगितलं. ह्या हाताने सही केली.

तिसऱ्या दिवशी मामांना भेटायला गेलो. हाताला केवढं तरी बँडेज, चेहरा पिवळा. भाऊ पायथ्याशी बसला होता, माझ्याकडे न बघता. मी स्टूल ओढलं. पाय लागला, हेच बोलायचं पाठ करून आलो होतो, पण त्याआधी मामाच बोलले.

"सायेब, लागला आसंल वो माजाच पाय. लई इचार केला. मांडी सुटली आसंल, मला कळलं नसंल. तुमी म्हनला तसंच आसंल."

त्यांनी खाली बघितलं. अठरा वर्षं ज्या माणसाला आपल्या हातापायांची इतकी खात्री होती, त्याच्याकडून दोन थपडांत आणि एका टोल्यात मी तीही काढून घेतली होती. बोटं गेली ती गेलीच होती. आता हा माणूस मरेपर्यंत म्हणत राहणार होता की पाय आपलाच लागला. मी तिथून अक्षरशः पळालो. दवाखान्याच्या मागच्या भिंतीवर मी मुठी आपटल्या, सालं निघेपर्यंत. त्याने काय होणार होतं?

पुढचे दहा-बारा दिवस मी कुणाशी नीट बोललो नाही. घरी आईने विचारलं तर तिच्यावर खेकसलो. शेवटी एका दुपारी परत गेलो आणि भावाच्या देखत मामांना सगळं सांगितलं. चिठ्ठी, कुंकू, दोन प्रश्न, दोन एंटर. त्यांना चिप आणि फाइली कळल्या नसतील. एवढं कळलं की पाय नव्हता.

भाऊ उठला. मामांनी डाव्या हाताने त्याचं मनगट पकडलं. मग मला म्हणाले, आणि पहिल्यांदाच एकेरी, "जितं मारलं तितं सांग. समद्यांपुडं."

दवाखान्यातून सुटले तसे ते दुसऱ्या सकाळी कारखान्यात आले, हात गळ्यात बांधलेला. मी वाट बघत होतो. त्याच प्रेसवर बोर्ड दोन बसवून ठेवला होता, चिठ्ठी स्वच्छ पुसून. साच्यात लाकडाचा एक ठोकळा ठेवला. मामांना म्हणालो, "बसा. तसेच बसा." ते स्टुलावर चढले, मांडी घातली. भोवती सगळे जमले. मालक ऑफिसमधून ओरडत आले, "बंद कर ते!" आणि मेन स्विचकडे निघाले. मी मधे गेलो आणि त्यांना छातीवर असा धक्का दिला की ते पत्र्याच्या चळतीवर पडले. त्यांची कोपरं फुटली. कुणी त्यांना उठवायला गेलं नाही.

"हे बघा," मी म्हणालो. "मामांचे पाय वर आहेत. आता मी कॉम्प्युटरला खोटा बोर्ड सांगतो, त्या दिवशी सांगितला होता तोच." बोर्ड एक निवडला. कळ दाबली. धाडकन टोला पडला आणि लाकडाच्या चिंधड्या उडाल्या. मामा डोळे मिटून थरथरले, पण जागचे हलले नाहीत. पायडल तसंच रिकामं. लाकडाचा दुसरा ठोकळा ठेवला. बोर्ड दोन निवडला. कळ दाबली. चाक फिरत राहिलं, मशीनचा ठोकळा वरच राहिला. मी आणखी पाच-सहा वेळा दाबली. काही झालं नाही.

"मामांचा पाय नव्हता," मी म्हणालो. "दोन्ही वेळा नव्हता. चूक माझी होती. मी त्यांना मारलं आणि वर खोटी सही केली."

पहिला ठोसा भावाचा होता, तोंडावर. दात ओठात घुसला. मी खाली पडलो तेव्हा लाथा सुरू झाल्या, त्याच्या आणि मग आणखी दोघा-तिघांच्या. बरगडीत काहीतरी मोडल्याचं मला आतून ऐकू आलं. माझा हात एकदाही उठला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणाला मारावंसं वाटत नव्हतं. त्यांच्या शिव्यांत माझी जातही आली, तीही मी ऐकून घेतली. ती मला अजून टोचते, आणि ती त्यांची चूक होती हेही मी लिहून ठेवतो.

"बास," मामा म्हणाले. लाथा थांबल्या.

ते स्टुलावरून उतरले आणि माझ्यापाशी उकिडवे बसले. मला वाटलं आता ते मारतील, डाव्या हाताने का होईना. मी गाल पुढे केला. त्यांनी मारलं नाही. माझ्या तोंडाजवळ वाकले, भोवतीच्या माणसांकडे एकदा बघितलं आणि हळूच म्हणाले, "परत एकदा सांग."

माझ्या तोंडात रक्त भरलं होतं. मी थुंकलो. "तुमचा पाय नव्हता, मामा."

"आजून एकदा."

"पाय नव्हता."

तेव्हा ते रडायला लागले.